आतापर्यंत त बरोबर होती

मे महिन्यातली दुपार, अडीचचा सुमार. नागपुरात गोकुळपेठेत एका गोळ्याच्या गाडीसमोर बर्फाचा टेम्पो लागला होता. लादी उतरवायला टेम्पोच्या फाळक्यापासून फुटपाथपर्यंत एक फळी तिरकी टाकलेली, फळीवर लाकडाचा भुसा पसरलेला. पोऱ्यानं लादी फळीच्या मध्यावर आणली आणि तिथेच सोडून तो गोणपाट आणायला पळाला. लादी थांबली. दोन मिनिटं गेली, तीन गेली. ऊन असं, की वितळत्या डांबराचा वास घशात उतरावा. लादीच्या कडांवरून पाण्याच्या बारीक धारा निघाल्या होत्या आणि फळीच्या खालच्या टोकाशी थेंबथेंब पडत होत्या. रांगेतल्या एका सहा-सात वर्षांच्या पोरानं गार वाटावं म्हणून लादीच्या वरच्या टोकावर तळहात ठेवला. ढकललं नाही, नुसता ठेवला. आणि ती अख्खी लादी, कुठेही न चुरता, एकसंध सरकली, सरळ रस्त्यावर जाऊन आदळली आणि तिचे चार तुकडे झाले. कोणाला लागलं नाही. पोरगा हात तसाच हवेत धरून उभा. रांगेतले एक काका म्हणाले, “अबे, आतापर्यंत त बरोबर होती न!”

वाक्य साधंच, पण ते तेव्हापासून डोक्यातून जात नाही. हिमालयात हिमस्खलनात, म्हणजे बर्फाचा उतार सुटून, माणसं गेली की मागे राहिलेल्यांच्या तोंडी हेच वाक्य असतं. काल वीस जण गेले, काही झालं नाही. सकाळी खेचरं गेली. मागच्या वर्षी ह्याच उतारावर आम्ही घसरगुंडी खेळलो. नागपूरचा आणि ह्या सगळ्याचा संबंध काय, असं कोणी म्हणेल. पण डिसेंबर लागला की रात्री दिल्लीच्या गाड्यांना नागपूर स्टेशनावर पाठीला मोठ्या सॅका लावलेली पोरंपोरी दिसतात. कोणी केदारकंठ्याला निघालेलं असतं, कोणी ब्रह्मतालला, कोणी गुलमर्गला स्कीइंग शिकायला. मे महिन्यात शाळा सुटल्या की हिमाचलातली सार पासची खिंड. सॅकेत संत्राबर्फीचे डबे असतात, नवेकोरे हातमोजे असतात, डोळ्यांत ती चमक असते. ती चमक बघून फार बरं वाटतं आणि त्याच वेळी पोटात खड्डाही पडतो. ज्या गावात उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो, तिथे बर्फ म्हणजे एकच वस्तू: पांढरी, गार, हवीहवीशी. त्या बर्फाला आतून थर असतात, प्रत्येक थराला स्वतःचा स्वभाव असतो आणि तो स्वभाव वरून दिसत नाही, हे ह्या पोरांना कोणी सांगितलेलं नसतं. खरं तर ते कळायला पहाड लागतच नाही. बरंचसं आपल्या फ्रीझरमध्ये, जिन्यात आणि कळमन्याच्या धान्यबाजारात दिसतं.

कळमन्यात तुरीचा, हरभऱ्याचा ढीग ओततात तेव्हा बघा. ढीग एका ठरावीक कोनापर्यंत उभा राहतो, त्यापुढे दाणे ओघळतात. एका जागी सुरुवात होते, दोन दाणे चार दाण्यांना ढकलतात, खाली जाता जाता पंखा पसरत जातो. सुट्ट्या, ताज्या भुरभुरीत बर्फाचंही असंच होतं. हिमस्खलन म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर हेच येतं: वर कुठेतरी सुरू झालं, वाढत वाढत आपल्यावर आलं. पण माणसं मारणारा प्रकार बहुतेक वेळा हा नसतोच. तो गोकुळपेठेतल्या लादीसारखा असतो. वर बऱ्यापैकी घट्ट, एकमेकाला धरून असलेला जाड थर, त्याच्या खाली एक कच्चा, भुसभुशीत थर आणि त्याच्याखाली सरकायला गुळगुळीत पृष्ठ. वरून पाऊल पडतं, कच्चा थर त्या जागी दबतो, आणि ते दबणं दगड टाकलेल्या पाण्यातल्या तरंगासारखं आजूबाजूला धावतं. क्षणात शंभर-दोनशे फूट रुंदीची लादी मोकळी होते. वरच्या टोकाला सुरीनं कापल्यासारखी भेग दिसते आणि माणूस त्या भेगेच्या खाली, सरकत्या लादीवर उभा असतो. तिचे ठोकळे होतात, ठोकळ्यांचा चुरा होतो आणि कोरड्या बर्फाचा तो लोंढा ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे सहज जातो. अपघातांत सापडलेल्या दहापैकी नऊ गटांत उतार सोडवणारं पाऊल त्याच गटातल्या कोणाचं तरी असतं. ओरडल्यानं, टाळ्या वाजवल्यानं बर्फ सुटतो ही समजूत तेवढी काढून टाकावी. आवाजात तेवढी ताकद नसते. वजनात असते.

मग हा कच्चा थर येतो कुठून? पहाडावरचा बर्फ एका दिवसात पडलेला नसतो. नोव्हेंबरपासून एकेका पावसाळी झटक्यासारखा तो येतो आणि प्रत्येक झटका म्हणजे पश्चिमी विक्षोभ, पश्चिमेकडून सरकत येणारी वादळी हवा. हे शब्द विदर्भाला परके नाहीत. फेब्रुवारी-मार्चमध्ये काटोल-नरखेडच्या संत्रीबागांवर जी गारपीट होते, शेतात उभा गहू-हरभरा आडवा होतो, त्यामागे पुष्कळदा उत्तरेतून सरकणारा असाच एखादा विक्षोभ आणि खालून आलेलं समुद्राचं बाष्प असतं. इकडे शेतकरी आकाशाकडे बघत असतो, तेव्हा तिकडे काश्मीरच्या पीर पंजाल रांगेवर दोन-तीन फूट नवा बर्फ पडत असतो. मोठी गार हातात घेऊन फोडली तर आत कांद्यासारखी वर्तुळं दिसतात, एक दुधाळ, एक पारदर्शक. ढगात वाढताना ती कशाकशातून गेली, त्याची ती नोंद. उतारावरच्या बर्फातही अशीच नोंद असते, फक्त आडवी. जानेवारीचा तो कोरडा आठवडा, मधला एक उबदार दिवस, रात्रभर सुटलेला वारा, सगळं एकावर एक रचलेलं. गिर्यारोहक वरचा नवा बर्फ बघतो. जाणकार विचारतो, हा कशावर पडलाय?

फ्रीझरमध्ये महिना-दोन महिने राहिलेली मटाराची पिशवी काढा. आत दाण्यांवर आणि प्लास्टिकला चिकटून बारीक चमकदार स्फटिक दिसतील, अगदी साखरेसारखे. ते पाणी गोठून झालेले नाहीत. मटारातलं पाणी वाफ होऊन निघालं आणि पिशवीच्या जास्त गार बाजूला थेट स्फटिक होऊन बसलं. बर्फाच्या आतही हेच चालतं. जमिनीलगतचा बर्फ साधारण शून्य अंशाला असतो, कारण जमीन उन्हाळ्याची ऊब धरून असते. वरचा पृष्ठभाग मात्र रात्री उणे पंधरापर्यंत जातो. दर दहा सेंटिमीटरला एक अंशापेक्षा जास्त फरक पडला की वाफ खालून वर वेगानं सरकते आणि एकमेकांना धरून बसलेले गोल कण टोकदार, सुटे, पैलूदार होऊ लागतात. आता हिशेब करा. बर्फ दोन मीटर जाड असेल तर पंधरा अंशांचा फरक दोनशे सेंटिमीटरवर पसरतो, दहा सेंटिमीटरला पाऊण अंश. चालेल. पण बर्फ अर्धा मीटरच असेल तर तोच फरक दहा सेंटिमीटरला तीन अंश होतो. तळाचा बर्फ दोन-तीन आठवड्यांत खडीसाखर होतो, काही वेळा पेल्याच्या आकाराचे, कडांवर पायऱ्यांसारख्या रेघा असलेले मोठे स्फटिक. हातात घेऊन मूठ दाबली तरी ह्याचा गोळा होत नाही, बोटांतून वाळूसारखा निसटतो. गोळेवाला किसलेला बर्फ मुठीत दाबतो तेव्हा तो काडीवर धरून बसतो, कारण ओलसर, जेमतेम शून्याला असलेले ते कण एकमेकांना चिकटतात. तळाच्या ह्या खडीसाखरेत तो चिकटपणा नसतो आणि लवकर येतही नाही.

म्हणजे यंदा बर्फ कमी आहे, धोका कमी, हे गणित उलटं आहे.

काश्मीरमध्ये २१ डिसेंबरपासूनच्या चाळीस दिवसांना चिल्लई कलां म्हणतात, थंडीचा कळस. ह्या काळात भरपूर बर्फ पडला तर जाड पांघरूण तयार होतं आणि तळ शांत राहतो. पण चिल्लई कलां कोरडी गेली, आकाश निरभ्र, रात्री कडक थंडी, जमिनीवर फूट-दीड फूट जुना बर्फ, तर तो पातळ थर रोज रात्री कुजत जातो. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्ग असंच उघडं पडलं होतं, पर्यटक गवतावर उभे राहून फोटो काढत होते. असा कोरडा काळ संपून फेब्रुवारीत मोठे झटके आले की सगळे आनंदानं धावतात आणि नेमका तोच काळ जपण्याचा असतो, कारण ताजी जड लादी कुजक्या पायावर बसलेली असते. ताज्या बर्फाची अस्थिरता एरवी दोन-तीन दिवसांत बसते. कुजका तळ आठवडे, कधी महिने तसाच राहतो. त्याचा एक धाकटा भाऊही आहे. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री बर्फाच्या पृष्ठावर हवेतल्या वाफेचं दव थेट बर्फ होऊन पिसांसारखं धरतं. नागपुरात डिसेंबरच्या पहाटे गाडीच्या काचेवर दव धरतं ना, तेच, फक्त शून्याच्या खूप खाली. सकाळच्या उन्हात ते इतकं सुंदर चमकतं की पाय टाकू नये वाटतं. त्यावर वारा न येता नवा बर्फ पडला, की ती पिसं उभीच्या उभी पुरली जातात. एक सेंटिमीटरचा थर, वर तीन फूट बर्फ. खणल्याशिवाय कोणाच्या बापाला दिसत नाही.

वाऱ्याबद्दल थोडक्यात, पण त्याला कमी समजून नाही. आकाशातून एक कणही न पडता वारा उताराच्या एका अंगाचा बर्फ उचलून दुसऱ्या अंगाला नेऊन टाकतो, आणि तेही पडत्या बर्फाच्या दहापट वेगानं टाकू शकतो. म्हणून काल बर्फ पडला नाही ह्याला अर्थ नाही, काल वारा कुठून होता ते विचारावं. धारेवर एका बाजूला छज्जासारखा बाहेर आलेला बर्फ दिसला तर वारा त्याच्या पाठीकडून होता आणि छज्जाखालच्या उतारावर त्यानं गाद्या घातल्यात, हे समजावं. वाऱ्यानं बसवलेला बर्फ मंद, खडूसारखा दिसतो, काठी आपटली तर ढोल्या लाकडासारखा वाजतो. चालायला तो छान असतो, पाय रुतत नाही. त्या सुखावर विश्वास टाकू नये.

आता जिना. घरच्या जिन्याच्या पायरीची उंची साधारण सहा-सात इंच आणि पाय ठेवायची रुंदी दहा-अकरा इंच. म्हणजे जिन्याचा उतार तीस-बत्तीस अंशांचा. लाद्या सुटतात त्या बहुतेक तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारांवर, सर्वांत जास्त अडतीसच्या आसपास. त्याहून उभ्या कड्यावर बर्फ साचतच नाही, पडत पडत मोकळा होतो. त्याहून सपाट जागी लादीला सरकायला ओढ पुरत नाही. म्हणजे ज्या उताराची पोरांना भीती वाटत नाही, ज्याच्यावर घसरगुंडी खेळायला मजा येते, नेमका तो. घरचा जिना जरा जास्त चढा झाला की झालं. कोन डोळ्यांनी ठरवू नये, डोळे फसवतात. फोनमध्ये कोनमापक असतो, तो काठीवर आडवा ठेवून बघता येतो. फोन थंडीनं बंद पडला तर सारख्या लांबीच्या दोन काठ्या पुरतात. एक काठी उतारावर सरळ उभी धरायची, दुसरी तिच्यापासून आडवी, समतल, वरच्या अंगाला टोक बर्फाला टेकेपर्यंत धरायची. आडवी काठी उभीला अर्ध्याच्या किंचित वर टेकली तर उतार तीसचा झाला. अगदी शेंड्याला टेकली तर पंचेचाळीसचा. निघण्याआधी नागपुरात बसून करायचं कामही आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० नकाशावर पहाडी भागात समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, चाळीस मीटर उंचीच्या फरकानं असतात. दोन रेषांमधलं अंतर १.४ मिलिमीटर असेल तर उतार तीस अंश, ०.८ असेल तर पंचेचाळीस. शाळेची पट्टी लावून ह्या दोन आकड्यांमध्ये बसणारी जागा लाल पेन्सिलीनं रंगवावी. आपण ज्या रेषेवरून चालणार तीच नव्हे, तिच्या डोक्यावरची सगळी. पायाखाली सपाट मैदान आणि वर अडतीस अंशांचा उतार, ह्यात मैदानाचा काही उपयोग नाही. आणि वीस-पंचवीस मीटरचा लहानसा चढ दोन समोच्च रेषांच्या मध्ये लपून जातो, नकाशा तो दाखवतच नाही. तेवढाही एका माणसाला पुरायला पुरेसा असतो, खाली नाला असेल तर नक्कीच. उघड्यावर पसरला असता तर घोट्याएवढा झाला असता, तो बर्फ नाल्यात पुरुषभर उंच साचतो.

जंगलातून वाट जाते म्हणून निर्धास्त होणारे पुष्कळ असतात. दाट झाडी खरंच चांगली. पण झाडीत वरून खालपर्यंत उघडा पट्टा दिसला, कडेच्या झाडांच्या फांद्या फक्त चढाच्या बाजूनं मोडलेल्या दिसल्या, तर तो पट्टा बर्फाचा रस्ता आहे. मोकळी, ऐसपैस, सपाट जागा म्हणून तंबू नेमके तिथेच लागतात, आणि हे बघून जीव तुटतो.

खणण्याला पर्याय नाही. ज्या उतारावर जायचं त्याच्यासारख्याच तोंडाच्या आणि कोनाच्या, पण लहान आणि सुरक्षित जागी खड्डा घ्यायचा. हातात धातूचं फावडं, प्लास्टिकचं नाही, कडक बर्फात ते तुटतं. दीड मीटर खोल गेलं की सावलीतली भिंत सुरीसारखी सरळ तासायची आणि वरून खाली हात दाबत यायचं. मूठ सहज आत जाते तो सर्वांत मऊ थर. मग चार बोटं जातात तो, मग एक बोट, मग पेन्सिल, शेवटी फक्त सुरी. ह्या उतरंडीत वर पेन्सिल आणि खाली अचानक मूठ आली, की तिथे थांबायचं. घट्ट मऊवर बसलाय. तिथले कण चिमटीत काढून काळ्या पाटीवर ठेवायचे, भिंग लावून बघायचे: गोल की टोकदार, एक मिलिमीटर की तीन. दर दहा सेंटिमीटरला तापमापी खुपसून आकडे लिहायचे. मग चाचणी. उतारावर आडवा नव्वद सेंटिमीटर आणि चढाच्या दिशेनं तीस सेंटिमीटर असा खांब मागून-बाजूंनी दोरीनं कापून सुटा करायचा. एका टोकावर फावड्याचं पातं आडवं ठेवायचं. मनगटातून दहा टपल्या, कोपरातून दहा, खांद्यातून दहा. कितव्या टपलीला तडा गेला हे लिहायचं, पण त्याहून महत्त्वाचं हे, की तडा खांबाच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेला का. टपलीखालीच चुरलं आणि थांबलं तर थोडा दिलासा. नव्वदच्या नव्वद सेंटिमीटर एका झटक्यात सुटलं, तर तो उतार त्या दिवशी आपला नाही. उलट बाजू मात्र खरी नसते. एका खड्ड्यात काही सुटलं नाही म्हणून उतार पक्का ठरत नाही, दहा पावलांवर बर्फ निराळा असू शकतो. खड्डा नाही म्हणायला शिकवतो, हो म्हणायला नाही.

आणि कधी कधी उतार स्वतःच बोलतो. पाय टाकला की पायाखालून धप्प असा खोल, दबका आवाज येतो, आजूबाजूचा बर्फ बोटभर खाली बसतो, पावलापासून काचेला जावा तसा तडा धावतो.

त्या आवाजानंतर चर्चा करायची नसते.

इथे पुन्हा काकांचं वाक्य येतं. वीस जण गेले आणि एकविसाव्याच्या पायाखाली सुटलं, हे कसं? माणसाच्या वजनाचा दाब बर्फात साधारण मीटरभरच खोल पोचतो. कच्चा थर दीड मीटर खाली असेल तर वीस काय, चाळीस जण वरून गेले तरी त्याला कळत नाही. पण एखाद्या पुरलेल्या खडकाजवळ, उताराच्या कडेला, लादी हातभरच जाड असते. एकविसावा जण फोटोसाठी, पुढच्याला ओलांडायला, नाहीतर नुसता वाट चुकून दोन पावलं बाजूला जातो आणि नेमका तिथे पाय ठेवतो. दाब पोचतो, आणि एकदा थर कोसळू लागला की तो जाड लादीखालीही धावतो. आधीच्या वीस जणांनी उताराची परीक्षा घेतलेलीच नव्हती. तरीही त्यांनी काहीतरी शिकून घेतलेलं असतं, आणि चुकीचं. डोंगर रोज शिक्षा देत नाही, हीच अडचण आहे. चुकीच्या दिवशी चुकीच्या उतारावरून माणूस सुखरूप येतो आणि त्याला तो आपला अनुभव म्हणतो. हिमस्खलनाचे अभ्यासक इयन मॅकॅमन ह्यांनी अमेरिकेतले सातशेहून अधिक अपघात तपासले, तेव्हा दिसलं की बर्फाचं प्रशिक्षण घेतलेले लोकही ओळखीच्या उतारावर ढिले पडतात. आपल्याकडे त्यात आणखी भर पडते. पंचवीस जणांची तुकडी, एकामागोमाग एक, पैसे भरलेले, सुट्ट्या मोजून काढलेल्या, परतीचं तिकीट काढलेलं. “अरे, इतक्या दूर नागपूरहून आलो, आता काय परत जायचं?” हे म्हणणाऱ्या पोराचा राग येत नाही. त्याचं खरंच मन मोडतं. पण तुकडीच्या म्होरक्यानं मन मोडायला शिकलं पाहिजे.

चंदीगडची डीजीआरई, म्हणजे बर्फाचा अभ्यास करणारी आधीची सासे जिच्यात मिसळली ती संरक्षण खात्याची संशोधन संस्था, हिवाळ्यात हिमस्खलनाचे इशारे देते. धोक्याच्या पाच पायऱ्या असतात. पाचव्या-चौथ्या पायरीला लोक घरी बसतात. तिसऱ्या पायरीवर बाहेर पडतात, आणि जगभर ह्या तिसऱ्या पायरीवर फार माणसं गेली आहेत. तीन हा आकडा मधला, म्हणून बरा वाटतो. तो बरा नाही.

बर्फाखाली गेलेल्या माणसाकडे वेळ किती असतो, हे ऐकून लोक गप्प होतात. पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढलं तर दहापैकी नऊ जगतात. त्यानंतर आकडा कड्यावरून पडल्यासारखा खाली येतो, अर्ध्या तासानं तिघांतला एक उरतो. नागपुरात एनडीआरएफची अकादमी आहे, देशभरातले जवान इथे बचावकार्य शिकतात. पण दहा मिनिटांत कोणतंही दल पोचत नाही. वाचवणार तो शेजारचा. आणि शेजारच्याजवळ बीकन (पुरलेल्याला शोधायचं छोटं रेडिओ यंत्र), बर्फात खुपसून बघायची लांब सळई आणि फावडं नसेल तर तो फक्त हाका मारत राहतो. आपल्याकडच्या ट्रेकमध्ये बुटात बर्फ जाऊ नये म्हणून गेटर मिळतात, बुटाखाली लावायचे मायक्रोस्पाइक मिळतात. बीकन क्वचित. बीकन अंगावर, जॅकेटच्या आत बांधायचा, सॅकेत नाही. तो ४५७ किलोहर्ट्झवर सतत स्पंद पाठवतो. फोन त्याच्यापासून निदान वीस सेंटिमीटर लांब, शोधताना पन्नास. कोणी पुरला की एकानं नजर शेवटी दिसलेल्या जागेवरून काढायची नाही, बाकी सगळ्यांनी बीकन शोधावर टाकायचे. एकाचाही पाठवणीवर राहिला तर सगळे त्याच्याकडेच धावतात. अंतराचा आकडा तीन मीटरवर आला की बीकन बर्फाला टेकवून, न वळवता, हळू आडव्या-उभ्या रेषेत सरकवायचा. सर्वांत लहान आकड्याच्या जागी सळई, उताराला काटकोनात, सापडेपर्यंत पंचवीस सेंटिमीटरच्या अंतरानं गोल गोल बाहेर. लागली की उपसायची नाही, तिथेच उभी ठेवायची. खणायचं मात्र सळईपाशी नाही, खालच्या अंगानं, खोलीच्या दीडपट मागून, आडवं आत जात. एक मीटर खोल पुरलेल्यासाठी टन-दीड टन बर्फ हलवावा लागतो, आणि थांबलेला तो बर्फ काही क्षणांत काँक्रीटसारखा धरतो. आधी तोंड-नाक मोकळं करायचं, बाकी शरीर नंतर. सियाचिनच्या सोनम चौकीवर फेब्रुवारी २०१६ मध्ये लान्स नायक हनुमंतप्पा सहा दिवसांनी जिवंत सापडले, माणा गावाजवळ २८ फेब्रुवारी २०२५ ला ५४ कामगारांपैकी ४६ वाचले. पण हनुमंतप्पा तंबूतल्या हवेच्या पोकळीत होते आणि माण्याचे कामगार लोखंडी कंटेनरमध्ये. उघड्या उतारावरच्या माणसाला अशी भिंत नसते. ४ ऑक्टोबर २०२२ ला द्रौपदी का डांडावर उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेची तुकडी होती, शिकणारे आणि शिकवणारे दोन्ही. २७ मृतदेह बाहेर काढावे लागले. त्यात सविता कंसवाल होत्या, ज्यांनी त्याच वर्षी मे महिन्यात एव्हरेस्ट आणि मकालू दोन्ही केले होते. कौशल्यानं डोंगर चढता येतो. पायाखालचा थर कौशल्य विचारत नाही.

मे महिन्यातल्या सार पासची गोष्ट निराळी, तिथे शत्रू ऊन. रात्री आकाश स्वच्छ असेल तर वरचा बर्फ कडक गोठतो आणि पहाटे तीनला निघालेली तुकडी त्यावरून खडखडत जाते. ढगाळ रात्री तो गोठतच नाही, तेव्हा पहाटेवरही भरवसा नको. ऊन चढलं की वितळलेलं पाणी थरांमधून झिरपतं, कणांची पकड सोडवतं, आणि ओला, जड, सिमेंटच्या गाऱ्यासारखा बर्फ हळू पण अनिवार सरकतो. खूण सोपी आहे. पाय घोट्यापेक्षा खोल रुतू लागला, खडकांजवळून बर्फाचे गोळे आपोआप गडगडत खाली येऊ लागले, की त्या उताराखालून निघायचं. ओलांडायचंच असेल तर एकेकानं, एका सुरक्षित जागेवरून दुसऱ्या सुरक्षित जागेपर्यंत. बाकीच्यांनी उभं राहून बघायचं, काठ्यांचे पट्टे मनगटातून काढलेले. नाश्त्यासाठी कोणी मध्ये बसायचं नाही. सुटलंच, तर ओरडायचं, कडेकडे झेपायचं, आणि वेग कमी होतोय असं वाटलं की बर्फ थांबायच्या आत एक हात तोंडासमोर आणायचा. नंतर हलवता येत नाही.

त्या दुपारी काका बोलले तेव्हा रांगेतल्या सगळ्यांनी मान डोलावली. पोराच्या आईनं त्याला जवळ ओढलं. गोळेवाला मात्र कोणाकडे बघत नव्हता. तो फळीपाशी वाकला, जिथे लादी थांबली होती तिथला भुसा त्यानं चिमटीत घेतला, दोन बोटांत चोळला, उन्हाकडे धरून पाहिला. मग पोऱ्याला म्हणाला, “सकाळचाच भुसा राहू दिला का बे? खालून ओला झालता तो.”